दिवटीला तेल: साताऱ्या-सांगलीकडच्या जागरण-गोंधळाला पाहुणा म्हणून जाताना

जागरण-गोंधळाचं आवतण बहुतेक वेळा तोंडी येतं. लग्नाची पत्रिका छापतात, तिच्यावर गणपती असतो, मामांची नावं असतात. पण लग्नाचा मांडव उतरवता उतरवता घरातला कुणीतरी जवळ येऊन म्हणतो, "परवा देवाचं आहे, जेवायलाच या." साताऱ्या-सांगलीकडं 'देवाचं आहे' एवढ्यावर माणसाला कळतं. नवरा-नवरी खंडोबाच्या पालीला किंवा जेजुरीला जाऊन आलेली असतात, आता घरी देवाचं जागरण आणि देवीचा गोंधळ घालायचा असतो. त्याशिवाय लग्न पुरं झालं असं जुनी माणसं मानत नाहीत.

शहरात वाढलेल्या अनेकांनी गोंधळ पाहिलेला असतो तो रंगमंचावर किंवा सिनेमात, दहा मिनिटांचा. घरचा गोंधळ रात्रभर चालतो. तो करमणुकीसाठी नसतो, त्यामुळं त्यात प्रेक्षक नावाची जागाच नसते. म्हणूनच पहिल्यांदा येणारा पाहुणा गांगरतो. कुठं बसायचं, कधी उठायचं, पैसे कुणाला द्यायचे, मोबाइल काढला तर चालेल का? माझ्याकडं येणाऱ्या मित्रांना मी गेली काही वर्षं हे सांगत आलो आहे. रात्रीचा क्रम एकदा कळला की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून क्रमानंच सांगतो.

आधी दोन शब्द वेगळे करू. जागरण खंडोबाचं. ते वाघ्या-मुरळी घालतात, आणि त्यांची वाद्यं म्हणजे दिमडी, तुणतुणं आणि मुरळीच्या हातातली घंटी. गोंधळ देवीचा, म्हणजे तुळजाभवानीचा, रेणुकेचा, घराची जी असेल तिचा. तो गोंधळी घालतात. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशी दोन घराणी सांगतात. पहिले तुळजापूरच्या भवानीचे उपासक, दुसरे माहूरच्या रेणुकेचे. आपल्याकडं बहुतेक घरांचं कुलदैवत खंडोबा किंवा जोतिबा आणि कुलस्वामिनी भवानी किंवा यमाई, म्हणून दोन्ही एकाच रात्री उरकतात. अलीकडं एकच पार्टी दोन्ही करते. आधी काय आणि नंतर काय, हे घरागणिक बदलतं.

पार्टी ठरवण्याला 'सुपारी देणं' म्हणतात. पूर्वी गावोगावचे गोंधळी ठरलेले असत, अमुक घरांचा गोंधळ अमुक घराण्याकडं. ते हक्क आता सैल झालेत. साधारण चार-पाच जण येतात: कथा सांगणारा नाईक, संबळवाला, तुणतुणेवाला, झांज आणि दिवटी सांभाळणारा. नाईकाच्या अंगात घोळदार अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला कुंकवाचा मळवट, पायात घुंगरू. अंगरखा चढवण्याआधी हीच माणसं ओसरीवर बसून चहा पीत असतात, त्यात एखादा रिक्षा चालवणारा असतो, एखादा शेतात राबणारा. त्यांच्याशी बोलायचं असेल तर हीच वेळ. एकदा कवड्यांची माळ गळ्यात पडली की त्यांना हाक मारून मध्येच काही विचारू नये.

संध्याकाळी चौक भरतात. चौरंगावर कोरं कापड, त्यावर तांदळाची रास, राशीवर पाण्यानं भरलेला कलश, कलशात विड्याची पानं, वर नारळ. भोवती उसाची किंवा ज्वारीची पाच ताटं उभी करून शेंड्याला एकत्र बांधतात, त्याचा छोटा मांडव होतो. देवघरातले टाक, म्हणजे देवांचे लहान पत्रे, घासूनपुसून इथं मांडतात. शेजारी दिवटी, म्हणजे हातात धरायची छोटी मशाल, आणि तिच्या तेलाची बुधली. या वेळी लवकर पोचलात तर फार बरं. घरातल्या बायका एकमेकींना विचारत असतात, "आपल्याकडं सुपाऱ्या पाच की सात?", आणि म्हातारी आत्या ओसरीवरून निकाल देते. पूजा इथंच शिकली आणि शिकवली जाते. पाहुण्यानं हातपाय धुऊन, चपला बाहेर ठेवून चौकाला नमस्कार करावा, नारळ आणला असेल तर ठेवावा आणि बाजूला बसावं. चौक आणि गोंधळी यांच्यामधली जागा मोकळी ठेवायची, तिथून आडवं जायचं नाही.

मग दिवटी पेटते. ती रात्रभर विझू द्यायची नाही. येणारा-जाणारा तिला तेल घालतो आणि पाया पडतो. काय न्यावं असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, गोड्या तेलाची एक पिशवी न्या. फुलांचा हार सकाळी कोमेजतो, तेल त्याच रात्री जळतं.

गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, झाल्यावर रात्रीचा जो भाग येतो, त्याकरता मी कितीही लांबून जाईन. नाईक देवांना बोलावतो. प्रत्येकाला त्याच्या गावासकट नाव घेऊन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव, पालीचा आणि जेजुरीचा खंडोबा, म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा. प्रत्येक नावानंतर गोंधळाला येण्याचं आर्जव, आणि त्यावर झांज-संबळाचा ठेका. ऐकायला ही नुसती यादी वाटते. पण नीट कान दिला तर त्या घराचा नकाशा समोर येतो. माण-खटावच्या दुष्काळी टापूतून हे घराणं कृष्णाकाठी उतरलं असेल तर शिंगणापूर आणि म्हसवड आधी येतात. घरात आटपाडी-कवठेमहांकाळकडची सून आली असेल तर खरसुंडी आणि आरेवाडी कुणीही विसरत नाही, कारण ती दारातून ऐकत असते. गावच्या वेशीवरचा म्हसोबा, मरीआईसुद्धा सुटत नाहीत. कुणाला राग येऊ नये म्हणून शेवटी 'नाव राहिलेल्या' देवांनाही आवतण जातं.

एकदा मी कोकणातल्या एका मित्राला घेऊन गेलो होतो. आवाहन चालू असताना नाईक थांबला, संबळवाल्याला हात केला आणि मित्राकडं वळून म्हणाला, "पाव्हणं, तुमचा देव कुठला?" मित्रानं चाचरत आपल्या गावच्या रवळनाथाचं नाव सांगितलं. नाईकानं ते नाव आणि गाव त्याच चालीत, त्याच ठेक्यात घेतलं आणि पुढं गेला. मित्राची मान त्यानंतर बराच वेळ खाली होती. आपलं कुलदैवत, त्याचं गाव एवढं घरून विचारून जा, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

देवांना क्रमानं, वाद्याच्या आधारानं बोलावण्याची ही रीत जगात इतरत्रही आहे. ब्राझीलमधल्या बाहिया राज्यात साल्वादोर शहर आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी, त्यातही योरुबांनी, आपले देव तिथं जपले. त्या उपासनेला कांदोंब्ले म्हणतात, देवांना ओरिशा आणि देवस्थानाला तेरेइरो. तिथं रुम, रुंपी आणि ले हे तीन उभे ढोल असतात, प्रत्येक ओरिशाचे ठेके ठरलेले असतात, आणि तो ठेका वाजला की त्या देवाचा संचार भक्तात होतो. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली कायद्यानं संपली, तरी बाहियात या समारंभांना पोलिसांची परवानगी घ्यावी लागे. ती अट १९७६ साली उठली. आता तिथं दूरदूरचे प्रवासी जातात, आणि त्यांना सांगितलं जातं ते असं: पांढरे किंवा फिकट कपडे घाला, बायका-पुरुष आपापल्या बाजूला बसा, फोटो काढू नका, शेवटी जेवण वाढतील ते घ्या. माणच्या एखाद्या वाडीतली आजी हेच सांगेल. बोलावणं देवाला आहे आणि आपण त्याच्या पंगतीला आलो आहोत, एवढं कळलं की हे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

संबळाबद्दल थोडं. ही दोन नगाऱ्यांची जोडी, कमरेला बांधून उभ्यानं वाजवतात. एकाचा आवाज चढा आणि कडक, दुसऱ्याचा खर्जातला. दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं असतं. छोट्या खोलीत तो आवाज छातीवर येतो, म्हणून लहान बाळाला घेऊन पुढं बसू नये. गोंधळाचं नातं अभ्यासक फार मागं नेतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथं शोधलं जातं. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळी, वाघ्या-मुरळी, भुत्ये अशा उपासकांवर आयुष्यभर लिहिलं. कुतूहल वाढलं तर पुढची वाट त्यांच्याकडून जाते.

जागरणाकडं येतो. त्याची सुरुवात तळी भरण्यानं होते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवतात. पाच पुरुष त्याला हात लावून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ते उचलतात, आणि सगळं घर 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणतं. पाहुण्याला बहुतेक वेळा हात लावायला बोलावतात. तो मान आहे, नाही म्हणू नये. मग भंडार-खोबरं उधळलं जातं. हळद कपड्यावरून लवकर जात नाही, तेव्हा जपून ठेवायचा सदरा घालून जाऊ नका. सुती कपडे घाला, त्याचं कारण पुढं येतं.

वाघ्या-मुरळीची कथा सवाल-जवाबानं रंगते. मणी-मल्ल दैत्यांच्या वधापेक्षा लोकांना म्हाळसा आणि बाणाई यांचं भांडण प्रिय. म्हाळसा वाण्याची, रीतीची, आधीची. बाणाई धनगराची, आणि तिच्यासाठी खंडोबानं तिच्या वाड्यावर चाकरी केली, मेंढरं राखली. दोघी सवती एकमेकींच्या माहेराचा, खाण्यापिण्याचा उद्धार करतात तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. इथं मोकळेपणानं हसायचं. देवाच्या घरातलंच भांडण आहे, आणि शेती करणारा, व्यापार करणारा, मेंढरं राखणारा अशा तिघांनाही हा देव आपला का वाटतो, ते या भांडणात दिसतं. पालीला, कराड तालुक्यात तारळीच्या काठी, पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा हे सगळे एका भंडाऱ्यात पिवळे झालेले असतात.

मुरळीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. पूर्वी नवसानं मुली खंडोबाला सोडत, आणि त्यांच्या वाट्याला जे आयुष्य येई त्याला देवाचं नाव असलं तरी ते अन्यायाचं होतं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रथेविरुद्ध चळवळ केली. देवाला मुली वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, नंतर महाराष्ट्रानं २००५ चा कायदा केला. आज पार्टीत गाणारी मुरळी ही कलावंत असते, अनेकदा संसारी बाई. तिच्याशी तसंच वागावं. तिच्याकडं नोट नाचवणारा माणूस दिसला तर पाहुणा असूनही त्याला थांबवायला मी कचरत नाही.

बिदागी द्यायची रीत साधी. नोट ताम्हणात किंवा चौकापुढं ठेवायची, कपाळाला भंडारा लावून घ्यायचा. नाईक तुमचं नाव घेऊन आशीर्वाद देतो. कधी तो एक गंमत करतो. तुमचं नाव त्याच्या कानात सांगायचं, तो नुसत्या बोटांच्या खुणा करतो, आणि लांब उभा असलेला जोडीदार ते नाव मोठ्यानं सांगतो. ही करपल्लवी, गोंधळ्यांची जुनी विद्या. खुणांचा अर्थ ते सांगत नाहीत, खोदून विचारू नये.

मध्यरात्र उलटते. मुलं पेंगून जातात. नाईक आख्यान संपवत आणतो, यजमान पेटते पोत हातात घेऊन चौकापुढं नाचतो, संबळाची लय चढते. सुती कपडे सांगितले ते या पोतासाठी. ठिणगी पडते, आणि नायलॉन अंगाला चिकटतं. दोन हात मागं सरकून उभं राहावं.

याच सुमारास कुणाच्या तरी अंगात येतं. आमच्याकडं 'वारं आलं' म्हणतात, आणि ज्याच्या अंगात येतं त्याला देवीचं 'झाड'. बहुतेक वेळा ती घरातलीच बाई असते, दिवसभर पोळ्या लाटून दमलेली काकू किंवा सासू. आधी श्वास जोरात होतो, मग केस सुटतात, ती घुमायला लागते. घरच्यांना यात नवल वाटत नाही. कुणी तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावतं, कुणी जवळच्या वस्तू बाजूला करतं, कुणी हात जोडून विचारतं, "आई, काय चुकलं?" उत्तर कधी नुसता हुंकार असतो, कधी वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही ते एका वाक्यात बोललं जातं. वाटण्यांचं, विसरलेल्या नवसाचं, माहेरी धाडलेल्या लेकीचं. थोड्या वेळानं ती शांत होते, पाणी पिते, पदर सावरते आणि स्वयंपाकघरात जाते.

या वेळी पाहुण्यानं काय करावं याचं उत्तर 'काही नाही' असं आहे. मागं व्हावं, स्वस्थ बसावं. हसू नये, घाबरून धरायला जाऊ नये, आणि मोबाइल खिशातून काढूच नये. यजमानानं आधी फोटोला परवानगी दिली असली तरी ती या घडीसाठी नव्हती असं समजावं. ती बाई उद्या बाजारात जाणार आहे, तिचं घुमणं लोकांच्या मोबाइलवर फिरावं हा तिच्यावर अन्याय आहे. दुसऱ्या दिवशी तिला 'खरंच देवी आली होती का' असंही विचारू नये.

मी स्वतः अंगात देवी येते असं मानत नाही. पण त्या बाईला ती घडी का लागते, हे मला कळतं असं वाटतं, आणि म्हणून मी हात जोडून बसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. ज्या जिल्ह्यात घरोघरी गोंधळ घालतात, त्याच जिल्ह्यातून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम त्यांनी उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी झाला. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून दुसऱ्याला भीती घालणं, न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं, हा या कायद्यानं गुन्हा आहे. वारी, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्यानं हात लावलेला नाही. घरच्या गोंधळात काकू घुमते आणि शांत होते. एखादा देवरुषी आजारी मुलाला दवाखान्यात नेऊ नका म्हणतो, ती गोष्ट पूर्ण वेगळी. तसं काही कानावर आलं तर यजमानाला बाजूला घेऊन मुलाला डॉक्टरकडं न्यायला सांगावं, गरज पडली तर गाडी आपण काढावी.

गर्दीच्या यात्रेत हे सगळं पाहावं का, असं विचारतात. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत, चेंगराचेंगरी आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर गडावर पशुहत्येला आणि वाद्यं वाजवायला बंदी आली. पहिल्यांदा जाणाऱ्यानं यात्रेचा मुख्य दिवस टाळावा, म्हसवडचा रथ असो की पालीचं लग्न. एखाद्या ओळखीच्या घरी, वीस-पंचवीस माणसांत बसून जे कळतं ते लाखाच्या गर्दीत कळत नाही.

जेवणाचं राहिलं. देवाला नैवेद्य पुरणपोळीचा असतो. काही घरांत बोकड पडतो, तो कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या. मांस खात नसाल तर आधी सांगा, कुणी रागावत नाही, पोळी वाढतात. न जेवता निघणं मात्र मनाला लागतं. पाळी असलेल्या बाईला चौकाजवळ येऊ देत नाहीत, अशी रीत अजून बऱ्याच घरांत आहे. ती मला पटत नाही, आणि माझ्या घरातल्या गोंधळात मी ती बंद केली. पण दुसऱ्याच्या घरी पाहुण्या बाईनं काय करायचं ते तिनंच ठरवावं.

पहाटे वाघ्या लंगर तोडतो. लोखंडी साखळी दोन्ही हातांनी धरून एका हिसक्यात. ती तुटली की नवस पावला असं मानतात, आणि रात्रभर गप्प असलेला म्हातारा यजमान तेव्हा पहिल्यांदा सैल होतो. मग आरती. दिवटी ओवाळली जाते, सगळे त्या ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावतात. चौक हलवतात. कलशातलं पाणी घरात शिंपडतात, तांदूळ आणि कापड गोंधळी बांधून घेतात, उसाचे कांडे मुलांच्या हातात जातात. अंगरखे घडी होऊन पिशव्यांत पडतात आणि पुन्हा चहा येतो.

आम्ही निघालो तेव्हा माझ्या कोकणातल्या मित्राला नाईकानं थांबवलं. "पाव्हणं, रात्री तुमच्या देवाला बोलावलंय," तो म्हणाला, "घरी गेल्यावर त्याच्यापुढं एक नारळ ठेवा." मित्रानं नारळ ठेवल्याचा फोन मला दोन दिवसांनी केला.